बँकॉकमध्ये मित्रमंडळींसोबत एक निवांत दिवस: नदीकाठची भटकंती कशी आखावी

बँकॉकला जाणाऱ्या गटांचा एक दिवस हमखास वाया जातो, आणि बहुतेकांचा एकाच पद्धतीने जातो. हॉटेलचा नाश्ता रेंगाळत साडेनवापर्यंत चालतो. मग दोन टॅक्सी बोलावल्या जातात, त्या वाहतुकीत अडकतात, आणि राजवाड्याच्या दारात पोहोचेपर्यंत साडेअकरा होतात. ऊन डोक्यावर, रांग लांबलचक. दोघंजण हाफ पँटमध्ये आलेले असतात, त्यांना आत सोडत नाहीत. एकाला भूक लागलेली असते, एकाला शॉपिंगला जायचं असतं. शेवटी सगळे एसीसाठी मॉलमध्ये शिरतात आणि रात्री "बँकॉकमध्ये बाजार सोडून बघण्यासारखं काही नाही" असं म्हणत परततात.

हा दिवस वाचवता येतो. चाओ फ्राया नदीच्या काठाला राजवाडा आणि वाट पो, वाट अरुण ही दोन मंदिरं (थाई भाषेत 'वाट' म्हणजे मंदिर) अशी तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत किंवा होडीने काही मिनिटांवर आहेत. शहरातली गर्दी टाळून तिथं पोहोचवणारी सार्वजनिक बोटसेवाही आहे. चुकतो तो क्रम. शिवाय, रस्त्यात उभं राहून ठरवत बसण्याच्या गोष्टी आदल्या रात्रीच ठरवून टाकल्या, तर दिवस खऱ्या अर्थाने मोकळा मिळतो.

पुढचा आराखडा चार ते आठ जणांच्या गटासाठी आहे. मुक्काम सुखुमवित किंवा सिलोम भागात आहे असं धरलं आहे, कारण आपली बहुतेक मंडळी तिथंच उतरतात. दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा पाहून घ्या. हिशेबाला एक बाट म्हणजे तीन रुपये धरले की पुरे.

## १. दिवस निवडा

सोमवार टाळा. चायनाटाउनमधल्या याओवारात रस्त्यावरचे बरेच खाण्याचे ठेले सोमवारी लागत नाहीत, आणि दुपारच्या विसाव्यासाठी उपयोगी पडणारं म्युझियम सयामही त्या दिवशी बंद असतं. शनिवार-रविवार चालतो, पण तेव्हा स्थानिक लोकही मंदिरांत येतात आणि गर्दी वाढते. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.

बँकॉकला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा बेत ठेवू नका. मुंबईहून रात्रीचं विमान पकडलेलं असतं, झोप झालेली नसते, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. तिथं सकाळी सात वाजता उठायचं म्हणजे आपल्या शरीरासाठी ते साडेपाच असतात. एक दिवस गेला की हे अंगवळणी पडतं.

ऋतूचंही भान हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य असते. मार्च ते मे प्रचंड उकाडा असतो, एप्रिल सर्वांत वाईट. मे ते ऑक्टोबर पावसाचा काळ, आणि पाऊस बहुधा दुपारनंतर तास-दीड तास कोसळून थांबतो. पावसाळ्यात जाणार असाल तर प्रत्येकाच्या पिशवीत घडीची छत्री हवी. उन्हातही तीच कामाला येते.

तपासा: राजवाड्यात शाही समारंभ असेल तर तो पर्यटकांसाठी पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवतात. त्याची सूचना राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. ती आदल्या दिवशी स्वतः वाचा. रस्त्यावर कुणी काय सांगतं त्यावर जाऊ नका. याबद्दल पुढे येतंच आहे.

## २. आदल्या रात्रीची अर्ध्या तासाची बैठक

हा टप्पा सगळे गाळतात आणि दुसऱ्या दिवशीचं निम्मं भांडण इथूनच उगवतं. जेवणानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवा आणि पाच गोष्टी उरका.

यादी कापा. प्रत्येकाने फक्त एक गोष्ट सांगायची, जी झाली नाही तर त्याला चुटपुट लागेल. बाकी सगळं ऐच्छिक. यातून साधारण तीन ठिकाणं पक्की होतात. चौथं घालू नका. बोटीतून उतरल्यावर सावलीत बसून शहाळं प्यायला वेळ उरला नाही, तर तो दिवस निवांत म्हणायचा कसा?

कॉन्ट्री काढा. तिकिटं, बोटी, गाड्या आणि जेवण धरून माणशी पंधराशे बाट एका पाकिटात जमा करा. मसाज आणि खरेदी ज्याची त्याने. राजवाड्याचं तिकीट परदेशी पाहुण्यांना ५०० बाट, वाट पो ३०० आणि वाट अरुण २०० असा साधारण हिशेब आहे. म्हणजे हजार बाट नुसते दारांवर जातात. पाकीट एकाकडेच द्या, आणि ज्याला हिशेब आवडतो त्याच्याकडेच द्या. दर तिकिटाला आठ जणांनी आठ पाकिटं उघडली की प्रत्येक खिडकीवर दहा मिनिटं मोडतात.

रोख पैसे आधीच काढून ठेवा. तिथली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लावतात. म्हणून प्रत्येकाने थोडे थोडे काढण्यापेक्षा एकाने एकदाच मोठी रक्कम काढणं परवडतं.

कपडे बाहेर काढून ठेवा. नुसतं सांगून भागत नाही, खुर्चीवर काढून ठेवायचे. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँट, बिनबाह्यांचे टॉप, फाटक्या जीन्स, अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंग्ज आणि पारदर्शक कापड चालत नाही. बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेऊन काम भागेल असं धरू नका. पुरुषांनी सुती फुलपँट आणि साधा टी-शर्ट घालावा. बायकांसाठी सुती पंजाबी ड्रेस किंवा सैल पलाझो आणि कुर्ता यासारखा सोयीचा पोशाख दुसरा नाही. चपला किंवा बुटं सहज निघतील अशी घ्या, कारण ती दिवसभर काढावी-घालावी लागतात.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा. "गेटवर भेटू" हे ठिकाण होत नाही, राजवाड्याला गेटं बरीच आहेत. "था तियेन धक्क्याची तिकीट खिडकी" हे ठिकाण होतं. किमान दोघांच्या फोनमध्ये चालू इंटरनेट हवं आणि त्यांनी व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावं. पासपोर्टचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

## ३. सकाळी साडेसातला हॉटेल सोडा

नाश्ता हलका ठेवा किंवा वाटेत फळं घ्या. कापून, सालं काढून पिशवीत भरलेला पेरू, अननस, आंबा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पेरूबरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी देतात, ती फेकू नका.

टॅक्सी बोलावू नका. सकाळच्या वाहतुकीत सुखुमवितहून राजवाड्याला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. बीटीएस या उंचावरून जाणाऱ्या गाडीने साफान ताक्सिन स्टेशन गाठा. सुखुमवितच्या बाजूने येणाऱ्यांना सयाम स्टेशनवर गाडी बदलावी लागते, सिलोमच्या मंडळींना थेट गाडी आहे. स्टेशनमध्ये किंवा डब्यात खाणं-पिणं चालत नाही, म्हणून फळांची पिशवी बंद ठेवा.

सकाळी ठीक आठ वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं आणि सगळे आहेत तिथं उभे राहतात. तुम्हीही थांबा, बोलणं आवरा, फोन खाली करा. संध्याकाळी सहालाही हेच. थायलंडमध्ये राजाच्या प्रतिमेचा किंवा राजघराण्याचा अवमान हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे नोटांवरच्या, भिंतींवरच्या चित्रांबद्दल मराठीतसुद्धा थट्टा नको.

## ४. नारिंगी झेंड्याची बोट पकडा

साफान ताक्सिन स्टेशनवरून खाली उतरलात की समोरच साथोर्न धक्का आहे. इथं बहुतेक गट चुकतात. धक्क्यावर पर्यटक-बोटींची तिकिटं विकणारे मोठ्या आवाजात बोलावत असतात. ती सेवा खोटी नाही, पण महाग आहे. तुम्हाला हवी आहे ती चाओ फ्राया एक्सप्रेसची साधी बोट, जिच्यावर नारिंगी झेंडा असतो. भाडं १६ बाट, अंतर कितीही असो. "ऑरेंज फ्लॅग" एवढंच म्हणा, खिडकी दाखवतील. पिवळ्या आणि हिरव्या झेंड्याच्या बोटी कामावर जाणाऱ्यांसाठी धावतात आणि काही धक्के गाळतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

बोट धक्क्याला लागते ती जेमतेम अर्धा मिनिट. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या फुंकत चालकाला अंतर सांगतो, दोर टाकतो, आणि लोक उड्या मारल्यासारखे चढतात. तेव्हा आठ जणांनी आधीच एका रांगेत उभं राहा. सर्वांत सावकाश चालणारा पुढे, सर्वांत चपळ शेवटी. दोन माणसं धक्क्यावर राहिली तर घाबरू नका, ती पुढच्या बोटीने येतील. कुठल्या धक्क्यावर उतरायचं ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं, बस.

आत डाव्या बाजूला बसा किंवा उभे राहा. वरच्या दिशेने जाताना वाट अरुण डावीकडे दिसतं. भिक्खूंसाठी राखून ठेवलेली जागा रिकामी दिसली तरी तिथं बसायचं नाही, आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही इतकं अंतर ठेवायचं.

तपासा: उतरायचा धक्का था चांग, क्रमांक एन ९. राजवाड्याला हाच सर्वांत जवळचा. एक धक्का आधी था तियेन, एन ८ लागतो, तो दुपारी आपल्या कामाचा. प्रत्येक धक्क्यावर क्रमांक ठळक लिहिलेला असतो. एन ८ दिसला की उठून तयार राहा.

## ५. राजवाडा: साडेआठ ते साडेदहा

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीट खिडकी बंद होते. तिन्ही ठिकाणांत हाच सर्वांत लवकर बंद होतो, इथंच सर्वांत जास्त ऊन लागतं आणि सर्वांत जास्त गर्दीही इथंच असते. म्हणून तो पहिला. दुपारी राजवाडा आणि सकाळी वाट पो असा उलटा क्रम लावणाऱ्यांची हमखास दमछाक होते.

सावध: था चांगपासून प्रवेशद्वारापर्यंतच्या काही मिनिटांच्या वाटेवर एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटू शकतो. "आज राजवाडा बंद आहे" किंवा "प्रार्थना चालू आहे, एक वाजता उघडेल" असं तो सांगेल आणि तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने दुसरी मंदिरं दाखवण्याचं आमिष दाखवेल. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. त्याच्याशी वाद घालू नका, हसून पुढे चला. राजवाडा उघडा की बंद, ते फक्त दारावरचा गणवेशातला कर्मचारी सांगेल.

आत शिरल्यावर सगळे थेट पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती लहान आहे, साधारण ६६ सेंटिमीटर, आणि उंच सिंहासनावर बसलेली. नावात पाचू असला तरी ती हिरव्या जेडची आहे. वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, राजा स्वतः तिचा पोशाख बदलतो. गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत. पाय मूर्तीच्या दिशेने पसरायचे नाहीत, गुडघे मुडपून मागे घ्यायचे. चपला बाहेर कुठल्या रॅकवर ठेवल्या त्या जागेचा फोटो काढून ठेवा, परतताना शोधाशोध वाचते.

माझं मत विचाराल तर या आवारात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो भोवतालच्या ओवऱ्यांना. तिथल्या भिंतींवर रामाकिएन म्हणजे थाई रामायण १७८ चित्रचौकटींत रंगवलेलं आहे. गट इथून फोटो काढत सरसर निघून जातो आणि मोठा ठेवा चुकवतो. आपल्याला ही कथा पाठ आहे, त्यामुळे वाटाड्या न घेता बघता येते. पांढराशुभ्र हनुमान लगेच ओळखता येतो, हिरव्या रंगाचा, एकावर एक चेहरे चढवलेला थोत्साकान म्हणजे आपला रावण. सेतू बांधण्याचा प्रसंग शोधा. त्यातच सुवर्णमत्स्या दिसते. वानरांनी टाकलेले दगड पळवून नेणारी ही रावणाची कन्या वाल्मीकि रामायणात नाही. चित्रं क्रमाने आहेत, तेव्हा एका दिशेने चालत राहा. गटातल्या प्रत्येकाने एकेक प्रसंग शोधून इतरांना दाखवायचा असं ठरवलं तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. शिवाय ओवरीत सावली आहे.

साडेदहाला बाहेर पडा. अजून काही राहिलं असेल तरी पडा.

## ६. दुपार: जेवण आणि खराखुरा विसावा

साडेदहा ते तीन हा काळ उन्हात काढायचा नाही. राजवाड्याच्या भिंतीच्या कडेने, महाराज रस्त्याने दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाट पो आणि था तियेनचा परिसर येतो. इथल्या गल्ल्यांत लहान लहान जेवणाची ठिकाणं आहेत, काही नदीकाठाला. साडेअकराला बसून घ्या. तिथले लोक बाराला जेवतात, त्याआधी बसलात तर आठ जणांना एक टेबल मिळतं.

शाकाहारी मंडळींसाठी हा भाग नीट वाचा, कारण इथंच सर्वांत जास्त गैरसमज होतात. "व्हेज" म्हटलं की तिथं भाज्या घालतात, पण माशाचा सॉस, शिंपल्यांचा सॉस किंवा सुकी कोळंबी त्यात असतेच. पॅड थाय आणि पपईचं सोम ताम यांत तर ती गृहीतच धरलेली असते. "जे" हा शब्द लक्षात ठेवा. हा चिनी बौद्ध परंपरेतला आहार: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही. म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. कंदमुळं मात्र चालतात, हे जैन मित्रांना आधी सांगा. दुकानावर पिवळी पाटी किंवा पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर असतं. ते अक्षर इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. तसं दिसलं की आत जा.

तोंडी सांगताना पुरुषांनी "फोम किन जे" आणि बायकांनी "दिचान किन जे" म्हणायचं, म्हणजे मी जे खातो किंवा खाते. साध्या खानावळीत "माय साय नाम प्ला", माशाचा सॉस घालू नका, हेही सांगा. तिखट नको असेल तर "माय फेत". उच्चार चुकण्याची भीती वाटत असेल तर आदल्या रात्री ही वाक्यं थाई लिपीत फोनमध्ये जपून ठेवा आणि स्क्रीन दाखवा. शंका राहिलीच तर आंबा, नारळाचं दूध आणि चिकट भात हा पदार्थ निर्धास्त मागवा.

कुणी वरण-भातासाठी अडूनच बसलं तर फाहुरात ही भारतीय वस्ती सनाम चाय या मेट्रो स्टेशनपासून एका स्टेशनवर, साम योतला आहे. तिथं शीख समाजाचा मोठा सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, आजूबाजूला कापडाची दुकानं आणि भारतीय खाणावळी आहेत. पण यासाठी अख्खा गट ओढू नका. दोघांनी जावं आणि अडीचला परत यावं.

जेवणानंतर वाट पो. हे दुपारी ठेवण्याचं कारण सोपं आहे: मुख्य बुद्धमूर्ती छताखाली आहे आणि आवारात झाडं, सावली भरपूर आहे. पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. खांबांमधून ती एका नजरेत मावत नाही, म्हणून डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश चाला. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, ती जवळ जाऊन बघा. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीला लागून १०८ कांस्यपात्रांची रांग आहे. वाटीभर सुटी नाणी घेऊन प्रत्येक पात्रात एकेक टाकत जायचं. पुढे-मागे चार माणसं टाकत असली की सगळ्या सभागृहात किणकिण भरून राहते. चपला पिशवीत घालून हातात घ्यायच्या असतात, पिशव्या दारात मिळतात.

याच मंदिरात पारंपरिक थाई मसाजचं शिक्षण देणारी शाळा आहे. आवारातल्या दालनात मसाज करून मिळतो. बाहेरच्या गल्ल्यांपेक्षा दर जास्त, पण माणसं शिकलेली. गट मोठा असेल तर आधी नाव नोंदवा आणि तोवर मूर्ती बघून या. मानेचं किंवा कमरेचं दुखणं असेल, गरोदरपण असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा. थाई मसाजमध्ये अंग ताणतात आणि वळवतात. ज्यांना मसाज नको त्यांनी म्युझियम सयामच्या एसीत तासभर काढावा. ते सनाम चाय स्टेशनला लागूनच आहे.

थांबा: तीन वाजता गटाची हजेरी घ्या. एखाद्याचे पाय सुजलेत, डोकं चढलंय, तर त्याला इथूनच मेट्रोने हॉटेलवर जाऊ द्या. तो संध्याकाळी जेवायला येऊन मिळेल. ओढत नेलेल्या माणसामुळे सगळ्यांची संध्याकाळ जड होते.

## ७. नदी ओलांडा: वाट अरुण

साडेतीनच्या सुमारास था तियेन धक्क्यावर या. पलीकडे नेणारी होडी वेगळी, तिची खिडकी वेगळी, भाडं ५ बाट. इथंही कुणी "खास बोट" म्हणून शेकड्यांत भाडं सांगितलं तर पुढे चला. होडी सतत ये-जा करते, पाच मिनिटांत पलीकडे.

वाट अरुणचा मधला उंच मनोरा लांबून राखाडी-पांढरा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की ती फुलं-वेली चिनी मातीच्या बश्यांच्या तुकड्यांनी घडवल्या आहेत. काही ठिकाणी अख्खी बशी फुलाच्या मध्यभागी बसवलेली आहे, कडेच्या तुकड्यांच्या पाकळ्या केल्यात. निळी किनार, हिरवी पानं, एखादा चरा, सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना सोपं वाटतं, उतरताना गुडघे बोलतात. कठडा धरून, बाजूबाजूने उतरा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालूनच प्रदक्षिणा घालावी, बश्यांचं काम खालच्या थरावरच सर्वांत छान दिसतं.

इथं भाड्याने थाई पोशाख घालून फोटो काढण्याची मोठी टूम आहे. हौस असेल तर जरूर करा, पण ते आदल्या रात्रीच्या यादीत यायला हवं. कपडे निवडणं, नेसवणं, केस, दागिने आणि मग फोटो, यात दीड तास सहज जातो. आठांपैकी दोघींना हवं आणि सहा जण उन्हात उभे, अशी वेळ आणू नका. ज्यांना करायचं आहे त्यांनी मसाज सोडून अडीचलाच होडीने पलीकडे यावं.

पाचपर्यंत परतीची होडी धरा. बरेच जण सूर्यास्तासाठी वाट अरुणलाच थांबतात आणि चुकतात. मंदिर पश्चिम काठावर आहे, सूर्य त्याच्या मागे मावळतो. तो देखावा दिसतो पूर्व काठावरून, म्हणजे था तियेनच्या बाजूने. तिथल्या नदीकाठच्या गच्च्यांवर कॉफी किंवा सरबत घेऊन बसता येतं, मात्र आठ जणांसाठी जागा आधी राखून ठेवा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आतबाहेर, जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास. अंधार पडला की मनोऱ्यावर दिवे लागतात, तोवर उठू नका.

## ८. फुलबाजार आणि रात्रीचं जेवण

था तियेनपासून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर पाक ख्लोंग तालात हा फुलबाजार आहे, चोवीस तास चालणारा. झेंडूचे ढीग बघून दादर आठवेल, पण इथं थांबून बघायचं ते मोगऱ्याच्या कळ्यांच्या हारांचं काम. कळ्या इतक्या घट्ट ओवतात की हार विणल्यासारखा दिसतो, खाली गुलाबाचं किंवा चाफ्याचं लोंबतं टोक. कोमेजू नयेत म्हणून ते बर्फावर मांडलेले असतात. कमळकळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडणारी बाई दिसली तर विचारून मगच फोटो काढा. हातगाड्या वेगाने येतात, वाटेच्या मधोमध घोळका करू नका.

बाजारापासून सनाम चाय मेट्रो स्टेशन जवळ आहे. स्टेशनचं आतलं छत आणि खांब जुन्या राजदालनासारखे सजवलेत, दोन मिनिटं मान वर करून बघा. मेट्रोच्या दारावर टॅप करता येणारं बँकेचं कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून आणा, नाहीतर यंत्रातून टोकन घ्या. सकाळच्या बीटीएसची तिकिटं वेगळी आणि मेट्रोची वेगळी, ही दोन जाळी एक समजू नका.

दोन स्टेशनांवर वाट मंगकोन, म्हणजे याओवारात. तिथलं खाणं संध्याकाळी सहानंतर रंगात येतं. एका ठेल्यावर पोट भरू नका. तीन-चार ठिकाणी दोन-दोन प्लेट घेऊन वाटून खा. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी मित्रांसाठी तो पिवळा झेंडा आधी शोधा, त्यांचं झालं की बाकीच्यांनी आपलं बघावं. हा क्रम उलटा झाला की शाकाहारी माणूस रात्री दहाला बिस्किटं खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या नऊ दिवसांच्या जे-उत्सवात गेलात तर अख्खा रस्ता पिवळा झालेला असतो, तेव्हा ही अडचणच उरत नाही.

## ९. परतताना

मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत चालते, पण शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका. साडेदहाला निघा. सुखुमवितला उतरलेल्यांना वाट मंगकोनहून सुखुमवित स्टेशनपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, सिलोमही याच मार्गावर आहे. पाय अगदीच बोलत असतील तर ग्रॅब या टॅक्सी ॲपवरून मोठी गाडी मागवा. त्यात भाडं आधी दिसतं. टुकटुकची हौस इथं भागवा, अंतर जवळचं आणि भाडं बसण्यापूर्वी ठरवलेलं असेल तर.

खोलीवर गेल्यावर झोपण्यापूर्वी कॉन्ट्रीचा हिशेब ग्रुपवर टाका: जमा किती, खर्च कुठे, उरले किती. उरलेले बाट वाटत बसू नका, दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात तसेच ठेवा.